जमिनीखालची आग, कल्हईवाल्याचा नवसागर आणि "ही आग कुणी लावली?" हा प्रश्न

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या पावसाळ्यात आपल्या गटांवर एक व्हिडिओ फिरला, तो बहुतेकांनी पाहिला असेल. काळ्या जमिनीला भेगा, भेगांतून पांढरा धूर, रात्री आत लालभडक निखारे. वर लिहिलेलं: "पोलादपूरच्या डोंगरात ज्वालामुखी जागा झाला, सर्वांना कळवा." उमरठमध्ये त्या रात्री पाच-सहा घरांत तरी झोप नव्हती. मुंबईहून चाकरमान्यांचे फोन सुरू. आमच्या वरच्या वाडीतल्या एका आजीनं मला सकाळी विचारलं, "बाळा, सवच्या कुंडाचं पाणी उगाच का उकळतं? खाली आग असल्याशिवाय?"

आजीचा प्रश्न चुकीचा नव्हता. 22 जुलै 2021 नंतर आपल्याकडे डोंगराकडे बघायची नजरच बदलली आहे. तळिये गेलं, आपल्या तालुक्यात केवनाळे आणि साखरची सुतारवाडी गेली. त्यानंतर जमिनीतून कसलाही आवाज आला की माणूस उठून बसतो. अशा माणसांना ज्वालामुखीचा व्हिडिओ पाठवणाऱ्याला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

तेव्हा गटावर दोन ओळींत उत्तर दिलं होतं: हा आपला डोंगर नाही, ही कोळशाच्या खाणपट्ट्यातली आग आहे, झारखंडातल्या झरियासारखी. आपल्याकडे सगळा बेसाल्ट, काळा कातळ आणि वर जांभा. त्यात जळण्यासारखं काही नाही. आणि सवचं पाणी? पावसाचं पाणी कातळाच्या फटींतून खूप खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेनं तापतं आणि फटीतूनच वर येतं. कोकणात तुरळ, राजवाडी, उन्हवरे, वज्रेश्वरी, सगळीकडे थोडंफार हेच. आग नाही.

पण त्या निमित्तानं वाचायला घेतलं आणि अडकलो. कारण जमिनीखाली खरोखर आगी लागतात, माणसाचा हात नसताना लागतात, हजारो वर्षं जळतात, आणि त्या आगीत अशी खनिजं तयार होतात जी इतर ठिकाणी क्वचितच दिसतात. त्यातलं एक तर आपण सगळ्यांनी नाकात घेतलेलं आहे.

गणपतीच्या आधी गावात कल्हईवाला यायचा, आठवतंय? जमिनीत खड्डा करून भट्टी, चामड्याचा भाता, पोरं भोवती कोंडाळं करून. तांब्या-पितळेची भांडी तापवायची, कथलाची कांडी फिरवायची, आणि मग चिमूटभर पांढरी पूड टाकून कापसाच्या बोळ्यानं झरझर पुसायचं. भस्सकन पांढरा धूर, नाकात झिणझिण्या, आणि आतून भांडं चांदीसारखं. ती पूड म्हणजे नवसागर. (हल्ली हे नाव फक्त गावठी दारूवरच्या छाप्याच्या बातमीत वाचायला मिळतं, काळ्या गुळाच्या शेजारी. कल्हईवाले गेले, नवसागर तेवढा बदनाम होऊन राहिला.)

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापला की सुमारे 340 अंशांवर त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. हे वायू भांड्यावरचा काळा थर खातात, म्हणून कथील चिकटतं. आणि हवेत जरा गार होताच दोघं पुन्हा एकत्र येऊन पांढरी पूड होतात. तोच तो पांढरा धूर. हे लक्षात ठेवा, कारण डोंगराच्या भेगेच्या तोंडाशी अगदी हेच घडतं. कोळशात नायट्रोजन असतो, थोडा क्लोरीनही असतो. खाली कोळसा धुमसला की दोन्ही वायू वर येतात, भेगेच्या तोंडाशी गार हवा लागते आणि दगडावर नवसागराची पांढरी-पिवळी पुटं चढतात. कल्हईवाल्याचं भांडं मोठं करून डोंगराएवढं केलं तर जे होईल, ते.

आपल्याकडे नवसागर जुना. रसरत्नसमुच्चय हा साधारण 13व्या-14व्या शतकातला रसशास्त्राचा ग्रंथ त्याला साधारण रसांमध्ये धरतो, चूलिकालवण म्हणतो आणि विटा भाजताना तो तयार होतो असं सांगतो. चुलीचं मीठ! ब्रिटिश काळात कर्नाल भागातले कुंभार खरोखरच भट्ट्यांतून तो काढत. पण त्याच्याही आधी, मध्य आशियात, लोक तो जळत्या डोंगरांतून काढत होते.

10व्या शतकातला अरब भूगोलकार इब्न हौकल याचं वर्णन आहे. समरकंदच्या पूर्वेला, झरफशान नदीच्या वरच्या अंगाला बुत्तम नावाचे डोंगर. तिथे एका गुहेतून वाफ येते, दिवसा धुरासारखी, रात्री आगीसारखी. लोकांनी त्या तोंडावर घर बांधलंय, दारं-खिडक्या घट्ट बंद. वाफ आत गोठली की नवसागर मिळतो. आत इतका उकाडा की ओला नमदा अंगावर घेऊन, धावत आत शिरून, हाताला लागेल ते ओरबाडून बाहेर पळायचं. आणि वाफ जागा बदलते, एका ठिकाणची थांबली की दुसरीकडे खणून शोधावी लागते. हे वाचताना मला जाणवलं, जागा बदलणारी वाफ म्हणजे पुढे सरकत जाणारी आग. कोळशाचा थर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जळत जातो, त्याची ही नोंद आहे. लिहिणाऱ्याला कोळशाचा पत्ता नव्हता, पण पाहिलं ते नीट लिहिलं.

त्याच शतकात, 980 नंतरच्या दोन-तीन वर्षांत, वांग येन-ते नावाचा चिनी राजदूत तुर्फानकडे गेला होता. त्यानंही तिकडच्या एका डोंगराबद्दल लिहिलं: कायम धूर, रात्री ज्वाळा, आणि नवसागर गोळा करणारे लाकडी तळव्यांचे जोडे घालतात, कारण चामड्याचे जळून जातात. त्या कामगारांना काय मजुरी मिळत होती, किती जण भाजले, हे कोणी लिहिलेलं नाही. ते कुठेच कोणी लिहीत नाही.

आता गंमत बघा. 19व्या शतकात युरोपात हे चिनी आणि अरबी वृत्तान्त भाषांतरित झाले, आणि अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट या त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या निसर्गअभ्यासकानं त्यावरून निष्कर्ष काढला: मध्य आशियात, समुद्रापासून इतक्या दूर, जिवंत ज्वालामुखी आहेत! त्याचं कारण अगदीच कच्चं नव्हतं. व्हेसुव्हियस आणि एटना या इटलीतल्या ज्वालामुखींवरही नवसागर सापडतो. मग जिथून नवसागराचा एवढा व्यापार चालतो तिथे ज्वालामुखी असणारच. 1829 मध्ये तो स्वतः सायबेरियातून चीनच्या सीमेपर्यंत गेला, पण तिएन शान पर्वतापर्यंत पोचला नाही. पोचला असता तर कदाचित मत बदललं असतं.

पोचला तो रशियन प्रवासी सेम्योनोव, 1856-57 मध्ये. हुम्बोल्टला तो भेटला होता, ज्वालामुखी शोधायचेच असं ठरवून गेला होता. ज्वालामुखी सापडले नाहीत. पुढे मुश्केतोव या भूशास्त्रज्ञानं कुलजा भागात फिरून दाखवलं की हे धुरकट डोंगर म्हणजे जमिनीखाली जळणारे कोळशाचे थर आहेत. म्हणजे आपल्या व्हॉट्सॲपवाल्यानं केलेली चूक हुम्बोल्टनंही केली होती. फरक इतकाच की हुम्बोल्टनं ती पुराव्यावर विचार करून केली.

ऑस्ट्रेलियातही तेच झालं. न्यू साउथ वेल्समधला विंगेन डोंगर धुमसताना 1828 मध्ये गोऱ्या वसाहतकऱ्यांना दिसला, ज्वालामुखी म्हणून बोभाटा झाला. पुढच्याच वर्षी विल्टन नावाच्या पाद्र्यानं सांगितलं, कोळसा जळतोय. तो अजून जळतोय, सुमारे 30 मीटर खोल, वर्षाला साधारण एक मीटर पुढे सरकत. अंदाजे 6000 वर्षं. शिवकाळ आपल्याला फार जुना वाटतो, तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो 1670 मध्ये. तेव्हापासून आजपर्यंत ती आग उमरठच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतही गेली नसती.

कोळसा आपोआप पेटतो कसा, असं एका दादानं विचारलं होतं. उघडा पडलेला कोळसा हवेतला प्राणवायू शोषतो, त्यात थोडी उष्णता निघते. गंजीत ओला चारा रचला की आतून तापतो, तसंच. उष्णता बाहेर पडायला वाट नसली की तापमान चढत जातं आणि एक दिवस पेट घेतो. कधी वीज पडते, कधी वणवा लागतो. आपल्या राज्यात वर्धा खोऱ्यातला कोळसा, चंद्रपूर-वणीकडचा, असा तापण्यासाठी ओळखलाच जातो. तिकडच्या लोकांना यात नवल वाटणार नाही.

आता नव्या खनिजांकडे येऊ. इब्न हौकलचे बुत्तम डोंगर आज ताजिकिस्तानात आहेत. दुशान्बेच्या उत्तरेला फान-याग्नोब नावाचं कोळशाचं क्षेत्र आहे, तिथे रावात नावाचं गाव, आणि गावाजवळ ती आग अजून चालू. भेगांच्या तोंडाशी नवसागर, गंधक, तुरटीचा अमोनियावाला भाऊ. तिथूनच लुट्झ नासदाला आणि इगोर पेकोव या दोघांनी 1993 मध्ये एक नवं खनिज जाहीर केलं आणि गावावरून नाव दिलं, रावाताइट. ते दगडासारखं नाहीच. कार्बनचे 14 आणि हायड्रोजनचे 10 अणू, म्हणजे फेनान्थ्रीन, जे रसायनशास्त्रज्ञांना दगडी कोळशाच्या डांबरातून 19व्या शतकापासून माहीत होतं. डांबराच्या कारखान्यात होणारी गोष्ट डोंगर स्वतःच करत होता. खाली कोळसा भाजला, वाफ वर आली, गार झाली, पांढरे पापुद्रे बसले. एका खेड्याचं नाव जगाच्या खनिजांच्या यादीत गेलं. मला याचा उगाच हेवा वाटला, खरं सांगतो.

दुसरं उदाहरण इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या हात्रुरिम भागाचं. तिथे लाखो वर्षांपूर्वी चुनखडीचे थरच्या थर भाजून निघाले. चुनखडीतलं डांबरासारखं द्रव्य पेटलं की खालून आलेला वायू, यावर अजून वाद आहे. पण चुनखडी आणि माती एकत्र भाजली की काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे: सिमेंट! 1977 मध्ये तिथून हात्रुराइट नावाचं खनिज नोंदवलं गेलं, ते म्हणजे आपल्या पोर्टलंड सिमेंटमधला मुख्य घटकच. माणसानं भट्टी लावायच्या कितीतरी आधी डोंगरानं सिमेंट भाजून ठेवलं होतं. त्या भागातून अजूनही नवनवी खनिजं जाहीर होत असतात.

आणि आता मुद्द्याची गोष्ट, ज्यासाठी ही पोस्ट लिहिली.

रशियात उरल पर्वताच्या पूर्वेला चेल्याबिन्स्क नावाचं कोळशाचं खोरं आहे. खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे, दगडांचे, उरलेल्या कोळशाचे मोठमोठे ढीग तिथे पेटले आणि वर्षानुवर्षं जळले. बोरिस चेस्नोकोव या खनिजशास्त्रज्ञानं त्या जळक्या ढिगाऱ्यांत उभं आयुष्य घातलं आणि डझनावारी नवी संयुगं शोधली. सुरुवातीची काही मान्य झाली, स्रेब्रोदोल्स्काइट वगैरे. नंतर दार बंद झालं. नवी खनिजं मान्य करणारी एक आंतरराष्ट्रीय समिती असते. तिनं 1990च्या दशकाच्या मध्यात ठरवलं की खाणी, कचऱ्याचे ढीग यांच्या आगीत झालेले पदार्थ यापुढे साधारणपणे खनिज मानायचे नाहीत. कारण काय दिलं? आग मुळात कशी लागली हे सहसा सांगता येत नाही, आणि माणसाचा हात नव्हताच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

तेच रसायन, तीच स्फटिकाची रचना, तीच उष्णता. फरक फक्त एका प्रश्नाचा: ही आग कुणी लावली? निसर्गानं लावली तर नाव मिळतं. माणसानं लावली, किंवा लावली असेल अशी शंकाही असली, तर नुसती राख. चेस्नोकोवबद्दल वाईट वाटतं. पण नियम मला पटतो. निसर्गानं केलं असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी म्हणणाऱ्यावर.

मग रावातची आग निसर्गाची कशावरून? माझ्या मते तिथे सगळ्यात मोठे साक्षीदार ते जुने प्रवासीच. तिथे आधुनिक खाणकाम सुरू होण्याच्या जवळपास हजार वर्षं आधी कुणीतरी लिहून ठेवलं होतं की हा डोंगर जळतोय. दिवसा धूर, रात्री आग.

झरियाचं बरोबर उलटं. तिथेही लिखित नोंद आहे, पण पहिली आग 1916 ची, खाणी सुरू होऊन वीसएक वर्षं झाल्यावरची. खांब अर्धवट काढून सोडलेल्या पोकळ्या, न बुजवलेली तोंडं, त्यांतून आत जाणारी हवा. ती आग शंभराहून अधिक वर्षं लोकांच्या घरांखाली जळते आहे. 2009 मध्ये झरियासाठी 7,112 कोटींचा पुनर्वसन आराखडा मंजूर झाला, 2025 च्या जूनमध्ये झरियासाठी 5,940 कोटींचा सुधारित आराखडा आला. तिथल्या भेगांवरही नवसागराची पुटं चढत असतील, पण त्या आगीला निसर्गाची म्हणायची सोय नाही. 1916 ची नोंद आडवी येते.

आणि एक जुळणी सांगितल्याशिवाय राहवत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा पहिला प्रमुख थॉमस ओल्डहॅम. 1851 मध्ये त्याला इथे आणलं ते मुख्यतः कोळसा शोधायला. 1852 च्या डिसेंबरमध्ये उत्तर प्रदेशातल्या बस्ती भागात एक उल्का पडली. तिच्यात कॅल्शियम सल्फाइडचं खनिज मिळालं, त्याला 1862 मध्ये ओल्डहॅमचं नाव दिलं गेलं, ओल्डहॅमाइट. पृथ्वीवर हे फार दुर्मीळ. कुठे सापडतं? चेल्याबिन्स्कच्या जळक्या ढिगाऱ्यांत आणि हात्रुरिमच्या भाजलेल्या चुनखडीत. कोळसा शोधणाऱ्याचं नाव कोळशाच्या राखेत जाऊन बसलं.

आता आपल्या गावाकडे. दरड कोसळली की पंचनाम्यात काय लिहितात? नैसर्गिक आपत्ती. कुणी विचारत नाही, सिद्धही करायला लागत नाही. 22 जुलै 2021 ला वर महाबळेश्वरात एका दिवसात 600 मि.मी.च्या आसपास पाऊस झाला, तो माणसानं पाडला नाही हे मान्य. आपल्याकडच्या दरडींना नेमकं कारण काय, हे मी भूशास्त्रज्ञ नसताना सांगणार नाही. आणि हेही कळतं की "नैसर्गिक" हा शब्द लिहिला म्हणून मदत लवकर मिळते. ज्याचं घर गेलं त्याला आधी चार पैसे आणि पत्रे हवेत, वाद नंतर. तरीही 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या व्याख्येत नैसर्गिक आणि मानवनिर्मित दोन्ही शब्द आहेत. दुसरा शब्द आपल्या तालुक्यातल्या कागदांत शोधून दाखवा. डोंगराचा पायथा कापून रस्ता नेला, वरचं रान तोडलं, पाण्याची वाट वळवली, हे सगळं कधी झालं आणि भेग कधी दिसली, यातलं आधी काय आणि नंतर काय, याची तारीख कुणाकडेच नसते. मग जे उरतं त्याला निसर्ग म्हणायचं.

एका चिमूटभर पांढऱ्या पापुद्र्याला नाव द्यायच्या आधी जगातले विद्वान विचारतात, आग कुणी लावली ते आधी सांगा. आपल्याकडे माणसं गेली तरी हा प्रश्न कुणी विचारत नाही.

वरच्या वाडीतल्या आजीकडे परवा गेलो होतो. तिला सांगितलं, सवखाली आग नाही. ती म्हणाली, "आग नसूदे. पण आमच्या गोठ्यामागं जमीन फाटलीय ती बघ." बघितली. बोटभर रुंद, सुमारे अकरा पावलं लांब, आंब्याच्या मुळापासून खालच्या बांधापर्यंत. तिच्या म्हणण्यानुसार दोन पावसाळ्यांपूर्वी नव्हती, खालचा रस्ता रुंद केल्यानंतरची. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या, मोजपट्टी ठेवून फोटो काढला, शाळेच्या वहीत तारीख लिहिली, आजीचा अंगठा घेतला आणि एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घेतली.

तुमच्या वाडीत अशी भेग असेल तर खाली लिहा: कुठे, किती लांब, पहिल्यांदा कधी दिसली, त्याआधी तिथे काय काम झालं. फोटोत मोजपट्टी किंवा निदान कोयता ठेवा, म्हणजे माप कळेल. रविवारी मी दुचाकीवरून येऊन वहीत घेईन.